आघाडीची फळी आणि हंगामपूर्व सराव : सिंगापुरातील ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा परिचय

सिंगापूरचा नोव्हेना परिसर प्रामुख्याने रुग्णालयांसाठी ओळखला जातो. टॅन टॉक सेंग रुग्णालय येथेच आहे. मेट्रो स्थानकाला लागून असलेले व्हेलॉसिटी हे व्यापारसंकुल क्रीडासाहित्याच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. येथे राहणाऱ्या वा नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी मंडळींचा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलशी पहिला परिचय बहुधा एखाद्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यामुळे होतो. ‘फुटी’ या घरगुती नावाने ओळखला जाणारा हा खेळ सिंगापुरात वॉम्बॅट्स हा क्लब गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून खेळत आला आहे, आणि आशियातील इतर शहरांच्या संघांशी त्याचे सामने होतात. सिंगापुरातून पुढे मेलबर्न वा पर्थला स्थायिक होणाऱ्या कुटुंबांना तर हा खेळ टाळताच येत नाही.

या खेळाच्या दोन अंगांची माहिती येथे एकत्र दिली आहे : आघाडीच्या फळीचे डावपेच आणि हंगामपूर्व सराव. दोन्ही विषय वरवर स्वतंत्र वाटले तरी आज ते वेगळे काढता येत नाहीत. आघाडीवीराचे निम्मे काम आता बचावाचे झाले आहे. ते काम शेवटच्या सत्रापर्यंत करण्याची ताकद हंगामापूर्वीच कमवावी लागते. सिंगापूरच्या दमट हवेत ही ताकद घाईने कमवू पाहणे मात्र जिवावर बेतू शकते.

खेळाची चौकट

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले लेखी नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली तयार झाले. खेळ लंबवर्तुळाकार मैदानावर होतो. मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर असते. प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू मैदानात असतात आणि सामना चार सत्रांचा असतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने पार केल्यास ‘गोल’ होतो व सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांतून गेल्यास ‘बिहाइंड’ होऊन एकच गुण मिळतो. लाथेने मारलेला चेंडू किमान १५ मीटर प्रवास करून जमिनीला न लागता झेलला, तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेणाऱ्यास निर्वेधपणे पुढची लाथ मारण्याचा हक्क मिळतो. या खेळात ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणताही खेळाडू कोठेही जाऊ शकतो. डावपेचांची सारी गुंतागुंत या मोकळीकीतून निर्माण होते.

आघाडीच्या फळीची रचना

पारंपरिक रचनेत आघाडीला सहा खेळाडू असतात. गोलखांबांच्या सर्वांत जवळ फुल फॉरवर्ड व त्याच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत फॉरवर्ड पॉकेट. त्यांच्या पुढे, मैदानाच्या मध्याकडे, सेंटर हाफ-फॉरवर्ड व त्याच्या दोन बाजूंना हाफ-फॉरवर्ड फ्लँक. गोलपासून ५० मीटरवर आखलेला कंस हे या सहा जणांचे मुख्य कार्यक्षेत्र मानले जाते.

कामाच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात. उंच आघाडीवीर हवेतला चेंडू झेलतात, किंवा निदान प्रतिस्पर्ध्याला तो सुखाने झेलू देत नाहीत. चणीने लहान आणि चपळ आघाडीवीर खाली पडणारा चेंडू टिपतात. झेलासाठी घोळका उडी मारतो, तेव्हा लहान आघाडीवीराने घोळक्याच्या समोर, थोड्या अंतरावर आणि सरळ रेषेत उभे राहावे असा पाठ प्रत्येक प्रशिक्षक देतो, कारण हुकलेला चेंडू बहुधा तेथेच पडतो.

चेंडू घेण्यासाठी आघाडीवीर पासकाच्या दिशेने अचानक धावत सुटतो. या धावेला ‘लीड’ म्हणतात. लीडचे नियम साधे आहेत, पाळणे अवघड. दोघांनी एकाच जागेकडे धावू नये. एकाने धाव घेतली की दुसऱ्याने ती वाट मोकळी करून आपल्या बचावपटूला दूर ओढावे. लांबच्या बाजूच्या खेळाडूने चेंडू मागे निसटेल हे गृहीत धरून घोळक्याच्या पाठीशी राहावे. गोलखांबांमधील अंतर केवळ ६.४ मीटर असल्याने कोपऱ्यातून नेम धरणाऱ्याला फारच चिंचोळी फट दिसते. म्हणून शक्य तेथे लीड मैदानाच्या मधल्या पट्ट्यात घ्यावी, असे शिकवले जाते.

डावपेचांचा प्रवास

दीर्घकाळ या खेळातील आघाडीचा राजा फुल फॉरवर्ड होता. साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटने १९३४ साली एका हंगामात १५० गोल केले आणि हॉथॉर्नच्या पीटर हडसनने १९७१ मध्ये या विक्रमाची बरोबरी केली. टोनी लॉकेटच्या नावावर कारकिर्दीतील १३६० गोलांचा विक्रम आहे. नव्वदच्या दशकात नॉर्थ मेलबर्नचे प्रशिक्षक डेनिस पेगन यांनी याच विचाराला टोक दिले. त्यांनी इतर आघाडीवीरांना गोलपासून दूर बोलावून पुढचे मैदान मोकळे केले, आणि त्या मोकळ्या जागेत वेन केरी या असामान्य खेळाडूला एकास एक झुंजू दिले. संघाने १९९६ व १९९९ मध्ये विजेतेपद मिळवले. त्या मोकळ्या जागेला ‘पेगनचे कुरण’ असे नाव पडले.

याला उत्तर बचावाच्या बाजूने आले. ॲलिस्टर क्लार्कसन यांच्या हॉथॉर्न संघाने २००८ मध्ये माणसामागे माणूस लावण्याऐवजी मोक्याच्या जागा अडवून सगळा संघ एकत्र पुढे-मागे सरकवला आणि विजेतेपद पटकावले. त्याच वर्षी त्याच संघाच्या लान्स फ्रँकलिनने हंगामात शंभराहून अधिक गोल केले. त्यानंतरच्या दीड दशकात मात्र तो टप्पा कोणालाही गाठता आला नाही. मोकळी जागा संपत चालली होती.

आघाडीच्या फळीचा अर्थ बदलून टाकणारे उदाहरण रिचमंडचे. डेमियन हार्डविक यांच्या या संघात २०१७ मध्ये जॅक रीवोल्ट हा एकच प्रमुख उंच आघाडीवीर होता. त्याच्याभोवती डॅनियल रियोली, जेसन कॅस्टॅग्ना, डॅन बटलर यांच्यासारखे लहान, वेगवान खेळाडू होते. झेल मिळाला नाही तरी चालेल, पण प्रतिस्पर्ध्याला चेंडू शांतपणे बाहेर काढू द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र होते. अंतिम सामन्यात रिचमंडने ॲडलेडला ४८ गुणांनी हरवले आणि ३७ वर्षांनी विजेतेपद मिळवले. २०१९ व २०२० मध्येही हाच संघ विजयी ठरला. दरम्यान २०१९ पासून मध्यावरून खेळ सुरू होताना आघाडी, मधली फळी व बचाव या तिन्ही ठिकाणी सहा-सहा खेळाडू असलेच पाहिजेत असा नियम आला. काही क्षण का होईना, आघाडीवीराला पुन्हा जागा मिळू लागली.

दडपण कसे आणले जाते

मराठी वाचकाला हा भाग कबड्डीच्या भाषेत सहज कळेल. चढाई करणाऱ्याला एकट्या कोपरारक्षकाने धरले आणि साखळीतले बाकीचे जागेवरच राहिले, तर चढाईपटू निसटतो. पकड यशस्वी होते ती सगळे एकाच क्षणी झेपावतात तेव्हा. आघाडीच्या फळीचे दडपणही असेच सामुदायिक असते.

प्रतिस्पर्धी बचावपटूच्या हाती चेंडू आला की तीन कामे एकाच वेळी व्हावी लागतात. सर्वांत जवळच्या आघाडीवीराने चेंडूवाल्याला विचार करण्यास वेळ मिळू देऊ नये. त्याच्या मागच्या दोघा-तिघांनी जवळचे, सोपे पर्याय बंद करावेत. दूरच्या बाजूच्या खेळाडूने, मैदान ओलांडून दुसऱ्या कडेला जाणाऱ्या लाथेवर लक्ष ठेवावे, कारण तिकडे मोकळे मैदान असते आणि तेथे चेंडू गेला तर सारी मेहनत फुकट जाते. तिन्ही कामे नीट झाली तर बचावपटूपाशी सीमारेषेलगत लांब लाथ मारण्यावाचून पर्याय उरत नाही. तेथे आपले उंच खेळाडू आधीच जमलेले असतात. चेंडू परत मिळतो, आणि त्या वेळी प्रतिस्पर्ध्याचा बचाव विस्कळीत असल्यामुळे गोलची संधी अधिक चांगली असते.

या साखळीत एकजण दोन सेकंद उशिरा पोहोचला तरी वाट उघडते. उशीर बहुधा अज्ञानामुळे होत नाही. मागची धाव संपवून श्वास जागेवर येण्याआधीच पुढची धाव घ्यावी लागते, आणि तेथे शरीर कमी पडते.

हंगामपूर्व सरावाचे टप्पे

ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संघ नोव्हेंबरमध्ये सरावाला लागतात. फेब्रुवारीत सराव सामने होतात आणि मार्चमध्ये हंगाम सुरू होतो. सुरुवातीस पायाभूत दमसास वाढवला जातो. दोन किलोमीटरची वेळ लावून धाव ही त्याची रूढ चाचणी आहे. पुढे वेग, दिशा बदलणे आणि थोड्या विश्रांतीने पुनःपुन्हा धावणे यांवर भर येतो. शेवटच्या टप्प्यात छोट्या मैदानावर कमी खेळाडूंचे सामने खेळवले जातात. त्यांत डावपेच आणि दमसास यांचा सराव एकाच वेळी होतो.

या खेळात सर्वाधिक आढळणारी दुखापत मांडीच्या मागच्या स्नायूची आहे. गुडघे टेकून, घोटे कोणीतरी धरून ठेवलेले असताना शरीर सावकाश पुढे झुकवण्याचा नॉर्डिक व्यायाम तिचा धोका कमी करतो. हौशी संघांसाठी ‘फुटीफर्स्ट’ हा दुखापतप्रतिबंधक कार्यक्रम ऑस्ट्रेलियात तयार झालेला आहे. आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी एकदम पूर्ण वेगाने धावणाऱ्या व्यावसायिक मंडळींना अशा तयारीची गरज व्यावसायिक खेळाडूंहून अधिक असते.

सिंगापूरचा उष्मा

ऑस्ट्रेलियातील आराखडा सिंगापुरात जसाच्या तसा चालत नाही. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सव्वा अंशावर आहे. दिवसाचे कमाल तापमान वर्षभर साधारण ३१ ते ३३ अंश असते. नागपूरच्या उन्हाळ्यातील ४५ अंशांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेथील कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग गार होते. सिंगापुरात, मुंबईच्या ऑक्टोबरातल्याप्रमाणे, घाम अंगावरच राहतो. शरीरातील उष्णता बाहेर पडण्याची मुख्य वाट तेथे अडते.

म्हणूनच येथे केवळ तापमान न पाहता तापमान, आर्द्रता, वारा व ऊन यांचा एकत्रित निर्देशांक पाहतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने जुलै २०२३ पासून त्यावर आधारित सूचना देणे सुरू केले आहे : निर्देशांक ३१ अंशांखाली असेल तर ताण कमी, ३१ ते ३३ दरम्यान मध्यम, आणि ३३ वा त्याहून अधिक असेल तर तीव्र. सरावाची वेळ ठरवताना हा आकडा पाहणे ही प्रशिक्षकाची प्राथमिक जबाबदारी मानावी. विजांचेही तसेच आहे. येथे वर्षातील दीडशेहून अधिक दिवस गडगडाटी वादळे होतात, आणि विजांचा इशारा मिळताच मैदान रिकामे करावे लागते.

शरीराला उष्म्याची सवय होण्यास साधारण १० ते १४ दिवसांचा नियमित, हळूहळू वाढणारा सराव लागतो. या काळात रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. वातानुकूलित कार्यालय, वातानुकूलित मेट्रो आणि वातानुकूलित घर यांतच दिवस काढणाऱ्याला सिंगापुरात दहा वर्षे राहूनही ही सवय झालेली नसते. हिवाळ्यात मेलबर्नला महिनाभर राहून परतणाऱ्याची असलेली सवयही बरीचशी मोडते. ताप, जुलाब, नुकताच होऊन गेलेला डेंग्यू किंवा आदल्या रात्रीचे मद्यपान यांपैकी काहीही असल्यास सराव टाळणेच योग्य.

खेळाडू धडपडू लागला, असंबद्ध बोलू लागला वा चिडचिडा झाला, तर तो केवळ दमला आहे असे समजू नये. उष्माघाताची शंका येताच ९९५ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याला बर्फाच्या पाण्यात बसवावे, ते नसेल तर अंगावर सतत थंड पाणी ओतावे. रुग्णालय नोव्हेनाइतके जवळ असले तरीही आधी शरीर थंड करणे आणि मग हलवणे हाच क्रम वैद्यकशास्त्र सांगते, कारण शरीर अतितप्त राहिलेल्या प्रत्येक मिनिटाने मेंदू व इतर अवयवांची हानी वाढते.

हवेनुसार डावपेच

सबंध सामनाभर अखंड दडपण ठेवणे या हवेत हौशी संघाला शक्य नाही. ते कधी आणायचे हे आधीच ठरवून ठेवावे : गोल झाल्यावरची पहिली दोन मिनिटे, प्रतिस्पर्धी बचावपटू सीमारेषेजवळ अडकला असताना, किंवा त्याच्या हातून चेंडू निसटल्यावर. एरवी फळीने मागे सरकून जागा अडवाव्यात आणि दम राखावा. लहान आघाडीवीरांना वारंवार बाहेर बोलवावे. ऑस्ट्रेलियन लीगमध्ये २०२१ साली खेळाडू बदलण्यावर सामन्यामागे ७५ ची मर्यादा आणली गेली, पण हौशी सामन्यात आयोजकांशी बोलून अधिक मोकळीक ठेवणे शहाणपणाचे ठरते.

ऑस्ट्रेलियाबाहेर लंबवर्तुळाकार मैदान क्वचितच मिळते, त्यामुळे फुटबॉल वा रग्बीच्या मैदानावर कमी खेळाडूंनी खेळावे लागते. १०५ मीटर लांबीच्या मैदानात मध्यावरून मारलेली चांगली लाथ थेट गोलपाशी पोहोचते. अशा ठिकाणी लांब लीडला वाव उरत नाही. चेंडू बचावपटूच्या हातून निसटला की तो गोलच्या टप्प्यातच असतो, त्यामुळे खाली पडलेला चेंडू टिपणारा खेळाडू उंच झेल घेणाऱ्याहून मोलाचा ठरतो.

हंगामपूर्व सराव किती किलोमीटर झाला, यावरून तो यशस्वी झाला की नाही हे ठरत नाही. चौथ्या सत्रात चेंडू हातून गेल्यावर आघाडीचे सगळे जण एकाच वेळी वळतात का, हे पाहावे. ज्याला वळता येत नाही त्याने हात वर करून बाहेर यावे, आणि त्याबद्दल त्याला कोणी हिणवू नये, ही सवयही हंगामाआधीच लावून घेतलेली असावी.