ग्राफिक्स कार्डची पेस्ट बदलावी का? एका पातळ थराचा इतिहास

समजा तुम्ही नरडाण्याला राहता. घरात एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर तुम्ही जानेवारीत एक मॉडेल शिकवलं आणि वेळ वहीत लिहून ठेवली. मे महिन्यात थोडी सुधारणा करून तेच मॉडेल परत चालवलं, तर वेळ जास्त लागली. आता तुम्ही गाईडला काय सांगणार? सुधारणा फसली म्हणून? की कार्ड तापलं म्हणून? खान्देशातला मे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ४३-४४ अंशांत पत्र्याखालच्या खोलीत कार्ड चाललं की त्याचं तापमान ठरलेल्या मर्यादेला टेकतं (बऱ्याच कार्डांत ही मर्यादा ८३ अंशांच्या आसपास असते) आणि कार्ड आपला वेग आपोआप कमी करतं. स्क्रीनवर कुठलीही सूचना येत नाही. तुमच्या तक्त्यातला आकडा मात्र बदलतो.

मग कोणीतरी सांगतं, "अरे, पेस्ट वाळली असेल, बदलून टाक." सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. पण ही पेस्ट मुळात तिथे का असते, हे कळल्याशिवाय कार्ड उघडू नका, असं मी म्हणेन. माझं संशोधन यंत्रदुरुस्तीच्या इतिहासावर आहे, म्हणून मी जरा मागून सुरुवात करतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा बल्बच. तो मोकळ्या हवेत उभा असतो आणि त्याची उष्णता चहूबाजूंनी हवेत जाते. त्यामुळे सगळा प्रश्न खोली थंड ठेवण्याचा होता. दोन घन वस्तूंच्या मधल्या सांध्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आणला ट्रान्झिस्टरने. बल्बाएवढ्या जागेतलं काम नखाएवढ्या तुकड्यात आलं, आणि त्या तुकड्याची उष्णता बाहेर काढायला त्याला ॲल्युमिनियमच्या पंख्यांच्या तुकड्यावर, म्हणजे हीटसिंकवर, बसवावं लागलं. आता बघा, दोन धातू कितीही घासून गुळगुळीत केले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगर-दऱ्यांसारखेच दिसतात. एकमेकांवर ठेवले की फक्त शिखरं टेकतात, दऱ्यांत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिन आणि हवेची ०.०२६. म्हणून दऱ्यांतली हवा हाकलायला तिथे काहीतरी भरायला हवं.

तुमच्या गावात लग्नाच्या स्पीकरचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे जुने मिस्तरी असतील तर त्यांच्याकडे जाऊन बघा. मोठा ट्रान्झिस्टर, खाली अभ्रकाची पातळ चकती (वीज हीटसिंकमध्ये उतरू नये म्हणून), आणि दोन्ही बाजूंना पांढरं मलम. त्याला ते 'हीटसिंक कंपाउंड' म्हणतात. सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइडची पूड. हो, तेच झिंक ऑक्साइड, जे घामोळ्यांवर लावायच्या कॅलामाइनमध्ये असतं. आजची महागडी राखाडी ट्यूब याच मलमाची नात आहे. पूड बदलली, कण बारीक झाले, कल्पना तीच राहिली.

पण फट भरण्याचा मलम हा एकच मार्ग होता असं मात्र नाही. इतिहास वाचताना हे नेहमी तपासा, की जे टिकलं त्याशिवाय दुसरं काय शक्य होतं. आयबीएमने १९८० मध्ये ३०८१ हा मोठा संगणक जाहीर केला. त्यात सिरॅमिकच्या एका पाटीवर शंभराहून अधिक चिपा होत्या. प्रत्येक चिपेवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा एक दट्ट्या होता, आणि मधली सगळी जागा हेलियम वायूने भरलेली. हेलियमच का? कारण तो हवेच्या जवळपास सहापट उष्णता वाहून नेतो, आणि तो वाळत नाही. वरून थंड पाणी फिरायचं. देखणं काम होतं, पण असा हवाबंद डबा घरातल्या पीसीत कोण बसवणार? स्वस्त यंत्रांसाठी मलमच उरलं.

१९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि त्या प्रमाणात व्होल्टेजही उतरवलं, तर तेवढ्याच क्षेत्रफळातली उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं हे चाललं. २००५ च्या सुमारास व्होल्टेज उतरेना, आणि चिपा खऱ्या अर्थाने तापू लागल्या. नेमक्या याच काळात ग्राफिक्स कार्ड हे खेळणं राहिलं नाही. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ ला 'जीपीयू' म्हणून विकलं, २००७ मध्ये कूडा आलं, आणि २०१२ मध्ये ॲलेक्सनेट हे प्रसिद्ध मॉडेल जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर पाच ते सहा दिवसांत शिकवलं गेलं. ती कार्डं दुकानात मिळणारी, खेळांसाठीची. दोनशे वॅटच्या वरची उष्णता, तीही दिवसरात्र. खेळणारा माणूस दोन तासांनी उठतो, मॉडेल उठत नाही.

आता थोडं गणित, कारण याशिवाय पुढचं पटणार नाही. समजा कार्ड २०० वॅट ओढतं, चिप ४ चौरस सेंटीमीटरची आहे, पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर आहे आणि पेस्टची वाहकता ५. तर थराच्या दोन बाजूंमधला फरक जाडी भागिले (वाहकता गुणिले क्षेत्रफळ), गुणिले वॅट, म्हणजे ५ अंश. तोच थर वाळून, भेगा पडून, मध्ये हवा शिरून त्याची वाहकता १ वर आली तर फरक २५ अंश. पूर्ण थर हवेचाच असता तर कागदावर साडेनऊशे अंशांच्या वर! यातून एक गोष्ट लक्षात येते. वाहकता ५ वरून १० करणारी महागडी ट्यूब तुम्हाला अडीच अंश देते. वाळलेला थर काढून साधी ताजी पेस्ट लावली तर वीस अंश मिळू शकतात. जाहिरातीतला आकडा आणि तुमच्या कामाचा आकडा वेगळे असतात.

पेस्ट वाळते म्हणतात, पण नुसती वाळत नाही. चिप तापते तेव्हा किंचित वाकते, गार झाली की परत सरळ होते. प्रत्येक वेळी मलम थोडंथोडं कडेला ढकललं जातं आणि मधोमध, जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच, थर विरळ होतो. ग्राफिक्स कार्डवर चिप बहुतेक उघडीच असते, वर धातूचं झाकण नसतं, त्यामुळे हे जास्त जाणवतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्या कामातली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. तुमचं कार्ड त्यांपैकी असेल तर उघडण्याला अर्थ आहे.

उलट बाजूही सांगतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपा निकामी होत असल्याबद्दल १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दोष पेस्टचा नव्हता, चिपेच्या पॅकेजिंगमधल्या साहित्याचा होता, तापणं-गार होणं याने ते सांधे तुटत होते. अशा वेळी पेस्ट बदलून काय होणार? लक्षण एकच, कारणं दोन. खान्देशात तिसरं कारणही धरा: धूळ आणि कपाशीचे तंतू. हीटसिंकच्या पंख्यांत त्यांचा नमदा बसला असेल तर आधी तो ब्रशने काढा आणि परत मोजा. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

पुण्यात हाच प्रश्न वेगळ्या पैशात सोडवला गेलाय. २००७ मध्ये टाटांच्या सीआरएलचा एका हा संगणक जगात चौथा आला होता. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म बसला, ७९७ टेराफ्लॉप्सचा, आणि त्यात थंड करायला प्रोसेसरच्या थेट वर द्रव फिरवतात. तिथेही थंड पट्टी आणि प्रोसेसर यांच्या मध्ये तो पातळ थर लागतोच. मोठ्या यंत्राची त्यातून सुटका नाही.

उघडायचं ठरलंच तर क्रम असा ठेवा. वॉरंटी संपली आहे ना ते बघा. मग आधीचं मोजमाप: खोलीचं तापमान थर्मामीटरने, कार्डचं तापमान, वॅट, आणि घड्याळाचा वेग मेगाहर्ट्झमध्ये, एकाच कामावर अर्धा तास. पंख्याचा वेग हाताने एका आकड्यावर बांधून ठेवा, नाहीतर तो स्वतःच बदलून तुमची तुलना बिघडवेल. स्क्रू कोपरा सोडून समोरचा कोपरा असे थोडेथोडे ढिले करा. वर ओढताना पंख्याची वायर तुटते, तिकडे लक्ष. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खरवडू नका, उघड्या चिपेचा कोपरा टवका जाऊन उडतो. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणा. जाड पॅड लावला तर हीटसिंक चिपेवर नीट टेकणारच नाही आणि तुम्ही आधीपेक्षा वाईट अवस्थेत याल. सगळ्यात जास्त कार्डं इथेच फसतात.

नंतर तेच मोजमाप परत करा. तुलना कार्डच्या तापमानाची करू नका, कार्ड वजा खोली या फरकाची करा. सकाळी ३० अंशांत आधीचं आणि दुपारी ४३ अंशांत नंतरचं मोजलं तर चांगली झालेली दुरुस्तीही बिघडलेली दिसेल, आणि उलट क्रमाने मोजलं तर न झालेली दुरुस्ती यशस्वी वाटेल. जानेवारी-मेच्या त्या दोन वेळांचंही तसंच. जानेवारीतलं जुनं मॉडेल त्याच मे महिन्यात, त्याच खोलीत परत चालवा, वॅटची मर्यादा थोडी खाली बांधून, म्हणजे कार्ड उष्णतेच्या मर्यादेला टेकणारच नाही. दोन्ही वेळांच्या शेजारी वहीत घड्याळाचा वेग लिहा. तो दोन्हीकडे सारखा असेल, तरच वेळेतला फरक तुमच्या सुधारणेचा धरता येईल.