खाती हलतात, कागद राहतो

मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, खातेवाटप झालं, फेरबदल झाला अशा बातम्या लागल्या की आपल्यापैकी बऱ्याच जणी उठून भाकरी टाकायला जातात. "कुणाला कुठलं खातं मिळालं त्यानं आपल्याला काय फरक पडतो?" हे वाक्य आम्ही केंद्रावर कितीदा तरी ऐकलंय. खरं सांगायचं तर आम्हीही ते म्हणत होतो.

मग एक ताई जुना सातबारा घेऊन आल्या. त्यांच्या रानाच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात 'संरक्षित कूळ' असं लिहिलेलं होतं आणि पुढं त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांचं नाव. "हे कूळ म्हणजे काय, आणि हे कुणी लिहिलं?" असा त्यांचा प्रश्न. उत्तर शोधता शोधता आम्ही जाऊन पोचलो सत्तर-पंचाहत्तर वर्षांमागच्या हैदराबादच्या मंत्रिमंडळांपर्यंत. आजच्या भाषणात तीच हकिकत सांगायची आहे.

आपला जिल्हा तेव्हा मुंबईच्या नव्हे, हैदराबादच्या राज्यात होता. गावाला उस्मानाबाद हे नाव ज्यांच्यावरून पडलं, ते मीर उस्मान अली खान हे निजाम. राज्यात सोळा जिल्हे: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. मंत्री होते, पण ते निजामानं नेमलेले. शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली. त्यांच्या काळात रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. परभणी-नांदेडकडचे अत्याचार पाहून जोशी नावाचे एक मंत्री राजीनामा देऊन बाहेर पडले. बाकीचं मंत्रिमंडळ मात्र तसंच राहिलं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरकडून निघाली आणि तिनं आपल्याच नळदुर्गावरून राज्यात पाऊल टाकलं. बोरी नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात आला. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, लायक अलींच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि निजाम शरण आले. हा दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. झेंडा लागतो, भाषणं होतात. पण १८ तारखेपासून राज्य कोण चालवत होतं, हे त्या भाषणांत फारसं येत नाही.

राज्य चालवत होते मेजर जनरल जे. एन. चौधरी, लष्करी गव्हर्नर म्हणून. मुलकी कारभार पाहायला मुंबई सरकारचे अधिकारी डी. एस. बाखले आले. सोबत मोजक्या जणांचं मंडळ होतं. सगळे नेमलेले, निवडून आलेला एकही नाही. या सरकारनं १९४९ साली जहागिरी रद्द केल्या आणि निजामाच्या खासगी मालकीच्या 'सर्फेखास' जमिनी सरकारात घेतल्या. पिढ्यान् पिढ्या जहागीरदाराच्या वाड्यावर सारा भरणारी गावं एका हुकमानं सरकारी झाली. काम मोठं होतं यात शंका नाही.

पण त्याच वेळी आपल्या जिल्ह्यात दुसरंही काही घडलं होतं. आधी रझाकारांनी हिंदूंची घरं जाळली होती. कारवाईनंतर सूड म्हणून मुसलमानांची घरं लुटली गेली, माणसं मारली गेली. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालात सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे सांगितले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. त्या दोन्ही बाजूंच्या जाळपोळीत मागं राहिल्या त्या विधवा आणि पोरकी लेकरं. त्यांना घर, बी-बियाणं, रानाचा ताबा कसा मिळायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती एकही बाई नव्हती.

१९५० उजाडताना लष्करी कारभार संपला आणि एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री हे नाव आलं, पण निवडणूक अजून झालेली नव्हती. त्यांच्या मंत्रिमंडळात सुरुवातीला अधिकारीच जास्त होते. जून १९५० मध्ये पहिला मोठा बदल झाला. स्टेट काँग्रेसचे चार जण आत घेतले गेले: बुर्गुला रामकृष्णराव, विनायकराव विद्यालंकार, व्ही. बी. राजू आणि फूलचंद गांधी. यातले फूलचंद गांधी हे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं १९८२ साली. कालपर्यंत ज्यांना सरकार तुरुंगात टाकत होतं, ते आता सरकारात बसले.

महसूल खातं रामकृष्णरावांकडे आलं. त्याच महिन्यात, जून १९५० मध्ये, हैदराबाद कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा अमलात आला. ठरावीक वर्षं सलग दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून नोंदवायचं, त्याला मनाला येईल तेव्हा हाकलून द्यायचं नाही, आणि पुढं ती जमीन विकत घेण्याचा हक्क द्यायचा, असा हा कायदा. आमच्याकडे आलेल्या ताईंच्या सातबाऱ्यावरची नोंद इथून आली. ते मंत्रिमंडळ दोन वर्षंसुद्धा टिकलं नाही. कायदा मात्र आजही मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत रोज उघडला जातो.

आता या नोंदीत नाव कुणाचं लागलं? बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचं. खुरपायला, वेचायला, रास करायला बाई होतीच. पण कूळ म्हणून विचारायची वेळ आली तेव्हा विचारलं गेलं बाप्याला. ताईंच्या आजेसासूबाई त्याच रानात म्हाताऱ्या झाल्या. त्यांचं नाव कुठल्याच रकान्यात नाही.

इथं जरा दूरचं उदाहरण घेऊ, कारण ते त्याच वर्षांतलं आहे. जपान १९४५ मध्ये महायुद्ध हरला आणि जवळजवळ सात वर्षं अमेरिकी जनरलच्या देखरेखीखाली राहिला. तिथंही त्या काळात मंत्रिमंडळं बनत आणि बदलत होती. योशिदा शिगेरू या एकाच नेत्यानं १९४६ ते १९५४ मध्ये पाच मंत्रिमंडळं बनवली. तिथंही परक्या देखरेखीच्या काळातच कुळांना जमिनी मिळाल्या. एक फरक मात्र मोठा होता. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि पहिल्याच फटक्यात ३९ बाया निवडून आल्या. तरीसुद्धा मंत्रिमंडळात पहिली बाई बसायला १९६० साल उजाडावं लागलं. त्या नाकायामा मासा. खातं मिळालं आरोग्य आणि कल्याण, तेही काही महिन्यांपुरतं. मत मिळणं आणि टेबलाशी खुर्ची मिळणं यांत तिथं चौदा वर्षं गेली.

आपल्याकडे मत मिळालं १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या. आणि मार्च १९५२ मध्ये रामकृष्णराव हे निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री झाले.

तेरा मंत्र्यांचं ते मंत्रिमंडळ बनवणं सोपं नव्हतं. तेलुगू, मराठी आणि कानडी, तिन्ही भागांना जागा द्यायची. हैदराबाद शहराला द्यायची. मुसलमान समाजाला द्यायची, दलित समाजाला द्यायची. शिवाय काँग्रेसमध्ये दोन गट होते, एक रामकृष्णरावांचा आणि एक स्वामी रामानंद तीर्थ यांचा. स्वामीजी आपल्या ओळखीचे. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते. लढ्याचं नेतृत्व त्यांनी केलं, पण मंत्रिपद घेतलं नाही. ते लोकसभेत गेले. मराठवाड्यातून दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. त्या वेळच्या आपल्या जिल्ह्यातून फूलचंद गांधी आणि देवीसिंग चौहान असे दोघे मंत्रिमंडळात होते. समोरच्या बाकांवर शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील उस्मानाबादची बाजू मांडत होते. एका मागास म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे दोन मंत्री आणि एक खणखणीत विरोधक. आजच्या घडीला हेवा वाटावा अशी स्थिती.

भाषा मोजल्या, भाग मोजले, गट मोजले, समाज मोजले. बायका मोजल्या नाहीत. आणि निवडून आलेल्या बायका नव्हत्या असं नाही. त्याच सभागृहात मासूमा बेगम होत्या, आरुटला कमलादेवी होत्या, संगम लक्ष्मीबाई होत्या, आपल्या मराठवाड्यातल्या वैजापूरच्या आशाताई वाघमारे होत्या. तेरा मंत्री मात्र तेराही पुरुष.

सरकार येऊन सहा महिने होतात तोच मुल्की आंदोलन पेटलं. बाहेरच्या प्रांतांतून आणलेल्या शिक्षकांच्या आणि नोकरदारांच्या नेमणुकांवरून वरंगळला सुरू झालेला विद्यार्थ्यांचा असंतोष सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात आला आणि गोळीबारात माणसं दगावली. पुढच्या काळात खाती हलली. शिक्षण खातं एका हातात राहिलं नाही; काही काळ ते गोपाळराव एकबोटे यांच्याकडे होतं. याच फेरबदलांच्या काळात, १९५४ मध्ये, संगम लक्ष्मीबाईंना शिक्षण खात्याचं उपमंत्रिपद मिळालं. दार उघडलं ते असं: पूर्ण नाही, अर्धं. उपमंत्री फाइल वाचू शकते, सही शेवटी मंत्र्याची.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच संपलं. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याआधी १९५३ मध्ये नागपूर करार झाला होता. त्यावर मराठवाड्याच्या वतीनं सही करणाऱ्यांत आपले देवीसिंग चौहान होते. आणि त्या सह्यांमध्ये एका बाईंचीही सही आहे, प्रभावतीदेवी जकातदार यांची. नोकऱ्या, शिक्षण आणि विकासाचा पैसा यांत मराठवाड्याला न्याय्य वाटा मिळेल, असं त्या करारात म्हटलं होतं. तो किती मिळाला, याचा हिशेब आपण अजून मागतोच आहोत.

मग पुढं महाराष्ट्रात काय झालं? प्रतिभाताई पाटलांचीच खाती बघा. १९६७ मध्ये उपमंत्री. नंतर मंत्री झाल्यावर समाजकल्याण, आरोग्य, दारूबंदी, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य, शिक्षण, पुढं नगरविकास आणि गृहनिर्माण. प्रत्येक फेरबदलात नवं खातं. ही कामं महत्त्वाची नाहीत असं कोण म्हणेल? पण घरात जे बाईकडे, आजारपण, लेकरं, म्हातारीकोतारी, तेच सरकारातही बाईकडे, असा हा रिवाज दिसतो. दिल्लीत राजकुमारी अमृत कौर यांच्याकडे आरोग्य, टोकियोत नाकायामांकडे आरोग्य. महसूल, म्हणजे जमिनीचं खातं, शालिनीताई पाटलांसारख्या एखाद्याच बाईकडे आलं.

आणि रिवाज मागंही जातो. ३० जून २०२२ ला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री अशा दोघांचंच मंत्रिमंडळ बनलं. ९ ऑगस्टला आणखी अठरा मंत्री आले. वीस जणांत बाई एकही नाही. महिला व बालविकास खातंसुद्धा पुरुष मंत्र्याकडे. जुलै २०२३ मध्ये अदिती तटकरे आल्या तेव्हा पहिली खुर्ची भरली. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात चार बाया आल्या. त्यांतल्या दोघी मराठवाड्याच्या, पंकजा मुंडे आणि मेघना बोर्डीकर. घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या आमदारांच्या १५ टक्क्यांपुरती बांधली आहे. २८८ आमदार, म्हणजे जास्तीत जास्त ४३ मंत्री. त्रेचाळिसांत चार. आपल्या धाराशिवनं कल्पना नरहिरे यांना खासदार करून दिल्लीला पाठवलेलं आहे. म्हणजे बाई निवडून देणं आपल्याला जमतं. पुढची पायरी राहिली आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आता कधी फेरबदलाची बातमी लागली तर भाकरी थोडी उशिरा टाका. तीन गोष्टी ऐका. महसूल, शेती, पाणी ही खाती कुणाकडे गेली? आपल्या जिल्ह्याचं माणूस त्यात आहे का? आणि बायका किती, नुसत्या नावाला की सहीच्या अधिकारासकट? मंत्री येतात आणि जातात. खाती या हातातून त्या हातात जातात. मात्र त्या दिवसांत झालेली एखादी सही आपल्या सातबाऱ्यावर सत्तर वर्षं बसून राहते.

त्या ताईंनी सध्या वारसनोंदीचा अर्ज केला आहे, स्वतःच्या आणि मुलीच्या नावासकट. आपल्या रानाचा उतारा, जुनं खासरा पत्रक तुम्हीही एकदा काढून बघा. कुणाचं नाव आहे ते वाचा, आणि कुणाचं नाही तेही. जे सापडेल ते आम्हाला येऊन सांगा. पुढच्या भाषणात त्यावरच बोलू.