ऐकणाऱ्याला बोलायला किती जागा?

ऑनलाइन परिसंवाद खरोखर ‘थेट’ आहे की नाही, हे पडद्यावर कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या लाल ठिपक्यावरून ठरत नाही. ऐकणाऱ्याचा शब्द बोलणाऱ्यापर्यंत किती वेळात परत येतो, यावर ते ठरते. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. आवाजाच्या प्रवासाला एका दिशेने शक्यतो १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. विलंब फार वाढला की दोघे एकदम बोलतात, मग दोघेही थांबतात, आणि ‘बोला, बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ सुरू होते.

शिक्षणासाठी भारताने २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेला एज्युसॅट उपग्रह भूस्थिर कक्षेत, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. वर जाऊन खाली यायला लहरींना पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा. कितीही महाग यंत्र घेतले तरी हा वेळ वाचत नाही. जमिनीवरच्या तारांनी तो वाचवला. झूमसारख्या बैठकीत आवाजाचा एखादा तुकडा वाटेत हरवला, तर यंत्रणा त्याच्यासाठी फार खोळंबत नाही, पुढे जाते. यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणात मात्र चित्र आधी साठवले जाते आणि मग दाखवले जाते, म्हणून प्रेक्षक काही सेकंद मागेच असतो. ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते, तोवर वक्ता पुढच्या स्लाइडवर गेलेला असतो.

विलंबाचा प्रश्न सुटला तरी संख्येचा उरतो. वीस जणांना प्रत्येकी दोन मिनिटे दिली तर चाळीस मिनिटे लागतात. पाचशे जणांना दिली तर साडेसोळा तासांहून अधिक. म्हणजे पाचशेंचा वेबिनार हे मुळात व्याख्यानच. व्याख्यानात वाईट काही नाही, त्याला संवाद म्हणू नये इतकेच. २०२०च्या टाळेबंदीत आपल्या महाविद्यालयांत वेबिनारांचा जो पूर आला, त्यात फीडबॅक फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र हाती येई. कित्येकांचा एकमेव सहभाग तो फॉर्मच होता.

पण विलंब कमी आणि माणसे मोजकी, एवढ्यानेही भागत नाही. सरकारी कार्यालयातली व्हिडिओ कॉन्फरन्स (व्हीसी) या दोन्ही कसोट्यांना उतरू शकते; तरी तिथे बहुधा खालून आकडे जातात आणि वरून सूचना येतात. तिसरी अट राहते: चर्चेचा विषय कोण आणतो?

या अटीचे उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सापडते. अल्बुकर्कीच्या विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना आठ-आठ महिने थांबावे लागे. त्या काळचे उपचार इंटरफेरॉनचे, महिनोन्‌महिने चालणारे, दुष्परिणामांवर सतत नजर ठेवायला लावणारे. अरोरांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. गावातले डॉक्टर आठवड्याच्या ठरल्या वेळी पडद्यावर एकत्र येत. तज्ज्ञाचे व्याख्यान थोडेच; मुख्य भाग म्हणजे एकेका डॉक्टरने आपल्या रुग्णाचे प्रकरण, नाव न सांगता, सगळ्यांपुढे मांडायचे. रुग्ण आणि जबाबदारी गावच्या डॉक्टरकडेच राही. रक्ततपासणीत आकडे घसरले, तर पुढच्या आठवड्यात तेच प्रकरण पुन्हा येई. माझ्या मते या प्रयोगाचे मर्म इथे आहे: उपचारांची लय आणि परिसंवादाची लय जुळली होती. एकदाच होणाऱ्या वेबिनारला हे कधीच साधणार नाही.

२०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याचा अभ्यास आला. एकूण ४०७ रुग्ण. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांत विषाणू कायमचा नाहीसा झाला, एकोशी जोडलेल्या स्थानिक केंद्रांत ५८.२ टक्के रुग्णांत. गंभीर दुष्परिणाम तर केंद्रांत कमीच आढळले. मात्र कोणता रुग्ण कुठे जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते; अवघड रुग्ण विद्यापीठाकडे अधिक गेले असण्याची शक्यता धरावीच लागते. गावचे डॉक्टर तज्ज्ञांपेक्षा सरस ठरले, असा अर्थ यातून काढू नये. ते मागे पडले नाहीत, एवढे पुरेसे आहे.

ही रीत पुढे अनेक देशांत गेली, भारतातही आली. ती उचलताना कॅमेरे आणि जोडणी सहज मिळतात; अवघड जाते ते सहकाऱ्यांसमोर ‘इथे मी अडलो’ म्हणणे. वरिष्ठ पडद्यावर असले, आणि त्याच वरिष्ठांच्या हाती गोपनीय अहवाल असला, तर ‘काही अडचण?’ या प्रश्नाला ‘नाही सर’ हेच उत्तर येणार. म्हणून अशा सत्रात मार्गदर्शक आणि मूल्यमापन करणारा एकच माणूस असू नये. आणि हाताचे कौशल्य, म्हणजे सुई कुठे आणि किती खोल घालायची, ते मात्र रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहूनच शिकावे लागते.