दुसऱ्या कार्डाचा इतिहास

आमच्या धाराशिव जिल्ह्यात गेमिंग पीसी म्हणजे दुकानातून सीलबंद येणारी वस्तू क्वचितच असते. कॅबिनेट एकाकडून, मदरबोर्ड दुसऱ्याकडून, ग्राफिक्स कार्ड पुण्यात शिकणाऱ्या भावाने वापरून काढलेले, असा तो जमवलेला संसार असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे ‘मायनिंग’ बंद झाले आणि जगभर वापरलेली कार्डे बाजारात उतरली. एकाच जातीची दोन कार्डे पोरांच्या आवाक्यात आली. तेव्हापासून माजी विद्यार्थी विचारतात, “सर, दोन कार्डं लावली तर गेम दुप्पट पळेल ना?” काही जण लावून झाल्यावर विचारतात, “सर, दुसरं कार्ड दिसतंय, पंखाही फिरतोय, पण काम काहीच करत नाही.”

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या विषयापासून दूर नाही. गेमसाठी दोन कार्डे जोडण्याची फॅशन येण्याच्या कितीतरी आधी भारतात पीसीमध्ये जादा कार्ड बसवले जात होते आणि ते आपल्या लिप्यांसाठी होते. ही गोष्ट नीट समजली, तर आजच्या दोन कार्डांचा बिघाडही समजतो.

अक्षर कार्डात राहत होते

१९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्याच्यासोबत पडद्यासाठी दोन वेगळी कार्डे होती. एक फक्त मजकूर दाखवणारे, एकरंगी. दुसरे रंग आणि चित्रे दाखवणारे. मजकुराच्या पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० चौकटी. प्रत्येक चौकटीत एक अक्षर. त्या अक्षराचा आकार कार्डावरच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला. संगणक फक्त अक्षराचा क्रमांक पाठवायचा, आकार कार्ड काढायचे. म्हणजे कोणती लिपी दिसणार हे कार्ड ठरवत होते, आणि कार्डाला इंग्रजीच येत होती.

ही दोन्ही कार्डे एकाच मशीनमध्ये गुण्यागोविंदाने नांदत. दोघांना मेमरीतली स्वतंत्र जागा ठरवून दिलेली होती. एका कार्डावर एक मॉनिटर, दुसऱ्यावर दुसरा. भांडणाचे कारण नव्हते, कारण कोणी कोणाच्या खोलीत शिरत नव्हते.

भांडण आले १९८२ मध्ये, हर्क्युलस नावाच्या कार्डाबरोबर. ते बनवणारे व्हॅन सुवन्नुकुल मूळचे थायलंडचे. त्यांना आपला प्रबंध थाई लिपीत पीसीवर लिहायचा होता. मजकुराच्या कार्डात थाई अक्षरे नव्हती आणि रंगीत कार्डावर बारीक अक्षर नीट उमटत नव्हते. म्हणून त्यांनी एकरंगी पण बारकाईने चित्र काढणारे कार्ड तयार केले. पुढे ते जगभर हिशेबाच्या आणि आलेखांच्या कामाला वापरले गेले. पण या कार्डाची पूर्ण मेमरी वापरली, की ते रंगीत कार्डाच्या जागेवरही हक्क सांगायचे. दोन्ही कार्डे एकत्र लावायची असतील, तर हर्क्युलसला अर्ध्या जागेत बसवावे लागे. ती जागा ठरवून दिली नाही, तर पडद्यावर कचरा दिसे किंवा मशीन अडकून पडे.

दोन कार्डांच्या बिघाडाचा पहिला धडा त्या काळातलाच आहे. दुसरे कार्ड लावण्याआधी कोणाची जागा कोणती आणि कोणाचे काम कोणते, हे ठरलेले असावे लागते.

पुण्याचे कार्ड

इंग्रजी अक्षर एका चौकटीत मावते. देवनागरीचे तसे नाही. वेलांटी आधी, काना नंतर, उकार खाली, रफार वर, आणि जोडाक्षरात दोन-तीन वर्ण एकमेकांत मिसळलेले. उर्दूचे त्याहून अवघड. लिहायचे उजवीकडून डावीकडे. शेजारी कोण आहे त्यावर अक्षराचा आकार बदलतो. आणि नस्तालिकमध्ये तर शब्द उतारावरून खाली घसरत येतो. चौकटींच्या जाळीत हे बसणार कसे?

देवनागरीसाठी आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झाले होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि मोहन तांबे यांच्यासोबत ते काम कानपूरहून पुण्याला आले. त्यातून तयार झाले जिस्ट कार्ड. जिस्ट म्हणजे ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. नावातच ग्राफिक्स आहे. पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवले, की डॉसवर चालणारे मजकुराचे प्रोग्रॅम न बदलता त्यात भारतीय लिप्या लिहिता येत. यादीचा प्रोग्रॅम तोच, हिशेबाचा तोच, फक्त अक्षर मराठी.

या कार्डामागचा विचार मोठा होता. देवनागरी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली या लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच वळणाची. म्हणून सर्वांना एकच सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि कोणत्या लिपीत दाखवायचे ते नंतर ठरवायचे. हा ‘इस्की’ संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. आजच्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे.

उर्दू या घरात मावत नव्हती. तिची वर्णमाला अरबी-फारसी वळणाची, म्हणून उर्दू, काश्मिरी आणि सिंधीसाठी ‘पास्की’ हा वेगळा संकेत करावा लागला. ‘ज’ला नुक्ता दिला की मराठी माणूस समजतो, पण उर्दूत तो आवाज जे, जाल, ज्वाद आणि जोय अशा चार अक्षरांनी लिहिला जातो. देवनागरीतून उर्दूत जाताना यातले कोणते, हे यंत्राला कळत नाही. शब्द ज्याला माहीत आहे, त्यालाच कळते.

दोन लिप्यांचा जिल्हा

हे सगळे धाराशिवला परके नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या दफ्तराची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. गावातला व्यवहार मात्र मराठीत, पाटील-कुलकर्ण्यांचे जुने कागद मोडीत. सातव्या निजामाच्या नावाने ओळखले जाणारे उस्मानाबाद २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. त्याच वर्षी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसे शोधावी लागली. ज्या भाषेला लोक ‘त्यांची भाषा’ म्हणून बाजूला ठेवतात, त्या भाषेच्या कागदात सगळ्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे आहेत.

म्हणून उर्दू संगणकावर कशी आली हा फक्त मुसलमानांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न नाही. १९८० पर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होई. लाहोरच्या ‘जंग’ने १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिकमध्ये अंक काढला. त्यासाठी जोडअक्षरांचे हजारो आकार आधी हाताने लिहून यंत्रात भरले होते. १९९४ मध्ये इनपेज आले आणि आपल्याकडेही उर्दू मजकूर संगणकावर जुळवला जाऊ लागला. तोवर चित्र काढण्याची ताकद साध्या पीसीतही आली होती. अक्षर कार्डातल्या चिपमधून निघून सॉफ्टवेअरमध्ये राहायला गेले होते. लिपीसाठीच्या दुसऱ्या कार्डाची गरज संपली.

आता गेमची पाळी

दुसरे कार्ड परतले ते खेळासाठी. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले. ते फक्त त्रिमितीय चित्र काढायचे. रोजच्या कामासाठी जुने कार्ड लागायचेच. दोघांना बाहेरून एका केबलने जोडत. इथेही कामे वेगळी होती, म्हणून निभावले. १९९८ मध्ये त्याच कंपनीने दोन व्हूडू-२ कार्डे एकाच चित्रावर कामाला लावली. पडद्याच्या एक सोडून एक ओळी वाटून दिल्या. या पद्धतीचे नाव एसएलआय. डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने ही कंपनी विकत घेण्याचा करार केला, २००४ मध्ये तेच नाव नव्या अर्थाने परत आणले, आणि २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर आणले.

या नव्या पद्धतीत बहुतेक वेळा एक फ्रेम पहिले कार्ड काढते, पुढची दुसरे. ऐकायला सोपे आहे. पण आजच्या गेममध्ये पुढची फ्रेम काढताना मागच्या फ्रेममधली माहिती लागते. ती दुसऱ्या कार्डाकडे असते. मग एकाला थांबावे लागते. आकडा वाढलेला दिसतो, पण चित्र हिसके देत चालते. शिवाय तोच मालमसाला दोन्ही कार्डांना स्वतःकडे ठेवावा लागतो. आठ जीबीची दोन कार्डे लावून सोळा जीबी होत नाहीत, आठच राहतात.

प्रत्येक गेमसाठी ही वाटणी कशी करायची, याची नोंद ड्रायव्हरमध्ये कंपनीला घालावी लागे. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आले आणि वाटणीचे ओझे गेम बनवणाऱ्यांवर गेले. दोन कार्डवाले गिऱ्हाईक थोडे, मेहनत फार. बहुतेकांनी ती केलीच नाही. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयच्या नव्या नोंदी देणे थांबवले. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर दोन कार्डे जोडण्याची जागाच उरली नाही.

मग पोरांना काय सांगायचे?

आधी एकच कार्ड वरच्या मुख्य स्लॉटमध्ये लावून बघा. मग ते काढून त्याच जागी दुसरे. वापरलेल्या मालात एखादे कार्ड मुळातच आजारी असते, ते इथे कळते. दोन्ही ठीक असतील तर एसएमपीएसकडे बघा. एका कार्डासाठी घेतलेला एसएमपीएस दोन कार्डांचा भार येताच गेमच्या मध्यात मशीन बंद पाडतो. मग मदरबोर्डचे पुस्तक वाचा. स्वस्त बोर्डात दुसरा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असतो, पण आतून अरुंद असतो. कार्डाची जात तपासा. २०१६ च्या जीटीएक्स १०६० वर एसएलआयची सोयच नाही, ती दोन लावून काही होणार नाही. मॉनिटरची केबल पहिल्या कार्डात आहे ना, तेही पाहा. प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स असलेल्या मशीनमध्ये ही केबल मदरबोर्डला लावलेली असते आणि महागडे कार्ड नुसते बसून राहते. शेवटी गेमला दोन कार्डे चालतात का ते बघा. चालत नसतील, तर बाकी सगळे बरोबर असूनही दुसरे कार्ड रिकामेच बसणार. हा बिघाड नाही. त्याला काम कोणी दिलेले नाही, एवढेच. आमच्याकडच्या मे महिन्यात तर दोन कार्डांची उष्णता कॅबिनेटबाहेर काढणे हाच वेगळा उद्योग होतो. मी सांगतो, दोन्ही विका आणि एक चांगले घ्या.

अनेक चिप्सनी एकत्र काम करणे मुळात चूक आहे, असे मात्र नाही. पुण्यातल्याच सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडून केला. त्याच संस्थेचा परम सिद्धी-एआय हा ग्राफिक्स चिप्सवर चालणारा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा होता. तिथे जमते, कारण कामाची वाटणी करणारा माणूस आधी बसतो आणि मग यंत्र चालू होते.

राहिलेले काम

लिपीच्या कार्डाची गोष्ट गेमच्या कार्डापेक्षा वेगळ्या रीतीने संपली. गेमचे दुसरे कार्ड कोणी सांभाळेना म्हणून गेले. लिपीचे कार्ड गेले, कारण त्याचे काम प्रत्येक मशीनच्या पोटात शिरले. आज युनिकोडमध्ये मराठी आणि उर्दू एकाच ओळीत लिहिता येते. २०१२ च्या विंडोज ८ पासून नस्तालिक फॉन्टही सोबत येतो. देवनागरी आणि उर्दू शेजारी नांदतात आणि कोणालाही जादा स्लॉट लागत नाही.

पण मधल्या वीस-पंचवीस वर्षांत जे लिहिले गेले, ते आपोआप इकडे आलेले नाही. डॉसच्या काळातल्या याद्या, इनपेजमधल्या शाळांच्या स्मरणिका, जलशांच्या पत्रिका, मुशायऱ्यांचे गुलदस्ते, जुन्या मराठी फॉन्टमधले लेख आजच्या मोबाइलवर उघडत नाहीत. उघडलेच तर उलटीसुलटी अक्षरे दिसतात. निजामकाळचा कागद शंभर वर्षांनी वाचता आला, कारण उर्दू वाचणारा माणूस उरला होता. या फायलींना माणूसही लागतो आणि वाचू शकणारे जुने सॉफ्टवेअरही. जुन्या हार्डडिस्क बंद पडत आहेत.

म्हणून कोणाच्या घरी, मदरशात, शाळेत किंवा बंद पडलेल्या डीटीपी सेंटरमध्ये जुना पीसी धूळ खात असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्याची हार्डडिस्क काढून ठेवा. गेमिंग पीसी खोलणाऱ्या पोरांना ते दहा मिनिटांचे काम आहे. फायली उघडल्या, की कोणता ‘ज’ कुठे आहे ते बघायला आम्ही उर्दूवाले बसू.