वानोळा

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना क्विंटलमागे वीस रुपये कमी पुकारले गेले, तरी शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी नाशिकला पाहुण्यांकडे निघाला, की त्याच कांद्याची गच्च भरलेली पिशवी सोबत घेतो. तिचा भाव कोणी काढत नाही. तो वानोळा असतो.

कुठे वानवळा म्हणतात, आमच्या बागलाणात वानोळा. नवं पीक आलं की शेजारीपाजारी आणि सोयऱ्यांच्या घरी पोचवायचा वाटा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून जो ‘कसमादे’ होतो, तिथे डिसेंबरात लाल कांदा, डाळिंब आणि हंगामाआधीची द्राक्षं निघतात, म्हणजे ऐन नाताळात पिशव्या फिरत असतात. ध्वनीनं आणि अर्थानं या शब्दाच्या शेजारी राहते ती ‘वानगी’. व्यापारी वानगी दाखवतो ती माल खपावा म्हणून. वानोळाही चवीपुरताच, पण त्याच्या मागे विकायचं पोतं उभं नसतं.

‘नाताळ’ आपल्याकडे पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला जन्मवाचक शब्द आहे. त्या सणाचा गाभा असलेली, न कमावता मिळणाऱ्या देण्याची कल्पना मराठीत सांगताना मिशनऱ्यांनी ‘कृपा’ हा शब्द घेतला. वारकऱ्यांच्या ओठी तो शतकानुशतकं होताच. बायबलच्या भाषांतरात त्याला जोडून ‘कृपादान’ही आलं. गंमत अशी, की लॅटिनमध्ये कृपेला जो शब्द आहे, ‘ग्रातिआ’, त्यातूनच ‘ग्रातिस’ निघाला, म्हणजे फुकट. आपल्याकडे कृपा देव्हाऱ्यात आणि फुकट रस्त्यावर. ‘फुकट्या’ ही तर शिवीच. तरीही मत्तयाच्या दहाव्या अध्यायात मराठी भाषांतरकारांनी ‘फुकट’ हाच शब्द बेधडक वापरला आहे, याचं मला कौतुक वाटतं. वानोळा त्यांच्या कानावर पडला होता की नाही, कोण जाणे. ‘कृपा’ आणि ‘फुकट’ यांच्या मधली जागा त्याचीच होती.

नाशिकमध्ये न कमावता मिळणाऱ्या देण्याच्या या कल्पनेची परीक्षाही झाली. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीनं शहराबाहेर ख्रिस्ती वसाहत वसवली आणि तिचं नाव पडलं शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे तिथे शिकली. द्यायला त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांतला जेकब वेनराइट 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. पण जेकब वेनराइट हे नाव काही त्याच्या आईनं ठेवलेलं नव्हतं. आसरा मिळाला, शाळा मिळाली आणि जुनं नाव गेलं. वानोळा देणारा घेणाऱ्याचं नाव बदलत नाही, एवढा फरक नोंदवायला हवा.

घेणाऱ्याचीही मात्र आपल्याकडे गोची असते. “कशाला एवढं आणलंत?” हे पहिलं वाक्य आणि “आता यांना काय द्यायचं?” हा मनातला हिशोब. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे पोरांनाही ठाऊक असतं. सवलत एकाच घराला. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं, तिथे दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजाऱ्यांकडून येतो आणि परतफेडीची कोणी वाट पाहत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही दुखवट्याच्या वर्षी नाताळचं गोडधोड शेजारून येतं. घेणं रिवाजानं शिकवलंय खरं, पण त्यासाठी आधी कोणीतरी जावं लागतं.

आई गेली त्या वर्षी दिवाळी तशीच सरली. 25 डिसेंबरला शरणपूर रोडवरच्या ख्रिस्ती मावशी ताट घेऊन आल्या: करंज्या, शंकरपाळे, कुलकुलं, केकचे दोन तुकडे आणि कोपऱ्यात त्यांच्या गावाकडून आलेला द्राक्षांचा घड. मी सवयीनं ताट विसळलं, पुसलं आणि त्यात साखर घालून पुढे केलं. मावशींनी साखरेचा डबा कुठे आहे ते विचारलं, साखर त्यात परत ओतली, ताटावर हात फिरवून उरलेले चार दाणेही झटकले आणि रिकामं ताट काखेत मारून जिना उतरल्या.