दोन्ही यूएसएंचा भूतबंगला

‘द सेव्हन्थ गेस्ट’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ आमच्याकडे आला तो उल्हासनगरच्या कॅम्पातून. दोन सीड्या, वर स्केचपेनने ‘१’ आणि ‘२’. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा कल्याणपलीकडे राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते. हा खेळ दोन्ही यूएसएंचा होता: घडला अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, आमच्यापुरता छापला गेला कॅम्पात. अंबरनाथला मित्राच्या घरी दिवा मालवून आम्ही तो लावला आणि लोडशेडिंगने खेळातल्या भूतबंगल्याच्या ऐन जिन्यावर आम्हाला अंधारात सोडलं.

हा बंगला बांधणारी कंपनी ट्रायलोबाइट. रॉब लॅन्डेरोस चित्रकार, ग्रॅम डिव्हाइन मूळचा स्कॉटलंडचा प्रोग्रॅमर. दोघेही कॅलिफोर्नियात व्हर्जिनच्या गेम विभागात नोकरीला. १९९० च्या सुमारास त्यांनी साहेबांपुढे बेत मांडला: फक्त सीडीवरच मावेल असा भुताच्या घराचा खेळ. साहेब होते मार्टिन आल्पर. त्यांनी दोघांना नोकरीवरून काढलं! म्हणजे असं, की स्वतंत्र कंपनी काढा, खेळ तुम्ही बनवा, बाजारात आम्ही आणतो. असा नारळ मिळायलाही नशीब लागतं.

दोघे जॅक्सनव्हिल या चिमुकल्या गावी गेले. सोन्याच्या शोधात वसलेलं हे गाव. पुढे रेल्वे त्याला वळसा घालून गेली आणि भरभराट मेडफर्डच्या वाट्याला आली. गाडी थांबते की नाही यावर गावाचं नशीब ठरतं, हे बदलापूरकरांना समजावून सांगायला नको. पुढे ट्रायलोबाइटनेही मेडफर्डलाच बिऱ्हाड हलवलं.

त्यांचा जुगार मोठा होता. तेव्हाचे खेळ १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर यायचे. सीडीवर सुमारे ६५० एमबी मावत, म्हणजे साडेचारशे फ्लॉप्या. पण सीडी ड्राइव्ह फार थोड्यांकडे, आणि त्यातून माहिती निघायची सेकंदाला दीडशे किलोबाइट. एवढ्या बारीक नळातून चलच्चित्र सोडायचं. ती करामत डिव्हाइनची. खरं घर चित्रित करण्याचा विचार मागे पडला आणि रॉबर्ट स्टाइनने थ्रीडी स्टुडिओत अख्खी हवेली उभारली. कथा लिहिली भयकथाकार मॅथ्यू कॉस्टेलोने: हेन्री स्टॉफ नावाचा भटका चोर खेळणी बनवून श्रीमंत होतो, त्याच्या बाहुल्या घेणारी मुलं आजारी पडून मरतात, आणि मग तो सहा पाहुण्यांना हवेलीत बोलावतो. सातवा कोण, हेच कोडं. ‘स्टॉफ’ची इंग्रजी अक्षरं फिरवली की सैतानाला आत्मा विकणारा ‘फाउस्ट’ होतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नटांना निळ्या पडद्यापुढे उभं करून चित्रण केलं. पडदा काढताना आकृत्यांच्या कडेला निळसर झाक उरली. ती काही जाईना, तेव्हा माणसंच अर्धपारदर्शक करून टाकली. भुतंच ती! मला या सबंध वाटचालीतला हाच प्रसंग सर्वांत आवडतो.

१९९३ मध्ये खेळ आला आणि वीस लाखांवर प्रती खपल्या. खेळासाठी लोकांनी ड्राइव्ह घेतले. बिल गेट्सने तारीफ केली. कोडी मात्र जुन्याच बनावटीची: पटावर आठ वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे मांडा, केकचे सहा वाटे असे करा की प्रत्येकात दोन कवट्या, दोन थडगी आणि साधा तुकडा यावा. डब्यांवरच्या अक्षरांचं इंग्रजी कोडं आमच्या मराठी शाळेच्या आवाक्याबाहेरचं होतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या खेळात तर स्टॉफने आम्हाला महिनाभर रडवलं.

यशाने दोघांतलं अंतर उघड केलं. लॅन्डेरोसचा ओढा सिनेमाकडे, डिव्हाइनचा खेळाकडे. खेळाचा पुढचा भाग ‘द इलेव्हन्थ अवर’ लांबत लांबत १९९५ च्या अखेरीस चार सीडींवर आला. तोवर विंडोज ९५ आलेलं आणि हा डॉसच्या जमान्यातला खेळ. अनेकांच्या कॉम्प्युटरवर तो धड चालेना. माझ्या मते घात खरा वेगळाच होता. ड्राइव्ह घरोघरी पोचला आणि ‘सीडीवर सिनेमा दिसतो’ याचं अप्रूप संपलं. त्याच १९९३ मध्ये निघालेला ‘मिस्ट’ टिकला, कारण त्याच्या बेटावर भटकण्यातच गंमत होती. हवेलीत मात्र कोडं सुटलं की खोली संपली. पुढचे खेळ पडले, भागीदार फुटले. लॅन्डेरोस आपल्या सिनेमावजा खेळाकडे वळला, कंपनी बसली आणि १९९९ मध्ये डिव्हाइन ‘क्वेक’वाल्या इड सॉफ्टवेअरमध्ये गेला.

पण भुताचं घर कायमचं बंद होत नाही. २०१० मध्ये ट्रायलोबाइट पुन्हा उभी राहिली आणि हवेली आयफोनवर आली. २०२३ मध्ये व्हर्टिगो गेम्सने ती व्हीआरसाठी नव्याने बांधली, नटही नवे घेतले.

मी फोनवरची विकत घेतली, या खेपेला पैसे मोजून. लोकलमध्ये विठ्ठलवाडीला खिडकी मिळाली, केक उघडला; अंबरनाथला चार वाटे झाले होते. बदलापूरला उतरताना मागच्याने धक्का दिला आणि हातातली कवटी भलत्याच तुकड्यात गेली.