शेगडीचें कुळ

राजांचीं, संतांचीं आणि लढायांचीं चरित्रें आपल्या भाषेंत पुष्कळ आहेत. घरांतील वस्तूंचीं चरित्रें मात्र फार थोडीं. जी वस्तु रोज हाताखालीं असते तिला कांहीं इतिहास असेल, अशी शंकाच मनाला शिवत नाहीं. तथापि घराण्याचा इतिहास जसा दप्तरांत असतो तसा तो चुलीच्या राखेंतहि असतो, असें आम्हांस वाटतें; म्हणून प्रस्तुत लेखांत एका वस्तूचें कुळ शोधण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे गॅसवर चालणारी भाजण्याची शेगडी, जिला शहरी कुटुंबांत ‘बार्बेक्यू’ म्हणतात. गच्चीवर किंवा आवारांत ती मांडून सुटीच्या संध्याकाळीं मक्याचीं कणसें, वांगीं, पनीर किंवा कोंबडी भाजण्याची हौस अलीकडे वाढली आहे. कित्येकांच्या मतें ही परक्यांची निव्वळ नक्कल होय. आणि ज्यांना ती आवडते त्यांच्याहि मनांत एक शंका असतेच, कीं निखाऱ्यावरची खरी चव गॅसवर कोठून यावयाची?

ह्या दोनही मतांची परीक्षा करण्यास आम्हीं घुग्घुस हें स्थळ निवडलें आहे. चंद्रपुराच्या पश्चिमेस, वर्धा नदीच्या जवळ वसलेलें हें कोळशाचें गांव. जेथें जळण पायाखालींच आहे, तेथें शेगडींत काय पेटवावें हा प्रश्न केवळ जिभेचा राहत नाहीं.

भाजण्याची कला आमच्याकडे परकी नाहीं. हिंवाळ्यांत शेतांत गोवऱ्यांची आगटी करून तींत ज्वारीचीं कोंवळीं कणसें भाजावीं आणि हातावर चोळून हुरडा खावा; वांगें निखाऱ्यांत पुरून त्याचें भरीत करावें; गोवऱ्यांच्या आरांत कणकेचे रोडगे भाजून वांग्याच्या भाजीबरोबर पंक्तींत वाढावे, हें विदर्भांतील कोणास सांगावयास नको. ह्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. जाणता मनुष्य जाळावर भाजीत नाहीं; जाळ ओसरून आर पडला म्हणजेच भाजावयास घेतो. जाळ धूर देतो, काजळी देतो. निखारा उष्णता देतो. जाळ बाहेर खपवून उष्णता तेवढी घरांत आणणें, हाच शेगडीचा जन्महेतु होय.

हें काम हातीं घेणाऱ्यांत लोणारी हे आघाडीवर होते. लांकडाच्या कोळशाला मराठींत ‘लोणारी कोळसा’ म्हणतात तो त्यांच्याच धंद्यावरून. लांकडें रचून त्यांवर पाला व माती लिंपावयाची, आंत विस्तव घालून हवा अगदीं बेताची मिळूं द्यावयाची आणि तो ढीग कित्येक दिवस धुमसत ठेवावयाचा. तेवढ्या अवधींत लांकडांतील पाणी व धुराचीं द्रव्यें निघून जातात आणि मागें बहुतांशीं कार्बन उरतो. धूर रानांत राहतो. शहरांतील शेगडींत येऊन पडतो तो निर्धूर कोळसा. अर्थात् बैठकींत हात शेकणाऱ्याच्या वांट्याचा धूर रानांत दुसऱ्या कोणीं आधींच सोसलेला असतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण शेगडीचा पुढील सर्व इतिहास हा धूर घरापासून अधिकाधिक दूर लोटण्याचा इतिहास आहे.

जमिनींतून निघणाऱ्या कोळशाला आपल्या भाषेनें ‘दगडी’ हें विशेषण लावून वेगळें ठेवलें, तें उगाच नव्हे. वर्धा खोऱ्यांतील दगडी कोळसा हा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचा अवशेष आहे. ज्या खडकांत तो सांपडतो त्यांस भूस्तरशास्त्रज्ञ गोंडवन खडक म्हणतात. हें नांव १८७२ सालीं हेन्री मेडलिकॉट ह्यानें गोंडांच्या देशावरून योजिलें. आणि चंद्रपूर ही तर गोंड राजांचीच राजधानी. सरकारी भूस्तर खात्यांतील थिओडोर ह्यूज ह्याचा वर्धा खोऱ्याच्या कोळशावरील विस्तृत ग्रंथ १८७७ सालीं प्रसिद्ध झाला. तत्पूर्वींच, १८७१ सालीं, वरोऱ्याची खाण चालू झाली होती. ती १९०६ सालीं बंद पडली. परंतु बल्लारपूर, घुग्घुस ह्या बाजूंस खाणकाम वाढत गेलें.

हा कोळसा आगगाडीच्या एंजिनास आणि कारखान्यांच्या बाष्पकांस चांगला चालला. भाजण्याच्या शेगडीस नाहीं. त्यांत ओलावा बराच असतो आणि तापतांच उडून जाणारीं द्रव्येंहि पुष्कळ असतात. म्हणून पेटतांना तो दाट धूर सोडतो आणि त्याचा उग्र वास अन्नास लागतो. फार दिवस ढीग करून ठेवल्यास तो आपोआप धुमसूं लागतो, ही त्याची आणखी एक खोड. कोळशाच्या गांवांतील गृहिणींनीं ह्यावर तोड काढली ती अशी, कीं शेगडी पहाटे दाराबाहेर पेटवावी आणि धूर संपून लाल आर दिसूं लागला म्हणजे आंत न्यावी. धूर गल्लीला, ऊब घराला! परंतु हा लाल आर दिसावयास जितका निर्मळ तितका तो नसतो. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं आणि वासहि नाहीं. थंडीच्या रात्रीं दारें-खिडक्या लावून शेगडी उशाशीं घेऊन निजलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, अशा वार्ता अजूनहि वर्तमानपत्रांत येतात.

धूर आणि उष्णता ह्यांची फारकत करण्याची पुढची पायरी कोळशानेंच दाखविली. कोळसा बंद भांड्यांत तापविला असतां त्यांतून जळणारा वायु निघतो व मागें कोक उरतो. विल्यम मर्डॉक ह्यानें १७९२ सालीं अशा वायूनें आपलें घर उजळलें, आणि १८२६ सालीं जेम्स शार्प ह्यानें इंग्लंडांत गॅसच्या चुलीचें पेटंट घेतलें. मुंबईची गॅस कंपनी १८६२ सालीं स्थापन झाली. १८६५ सालीं शहरांतील रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि पुढें तोच वायु नळांनीं कांहीं घरांच्या स्वयंपाकघरांत पोंचला. तेव्हां गॅस आणि कोळसा ह्यांस हाडवैरी समजणें बरोबर नाहीं. गॅस ही त्या घराण्याची धाकटी पाती होय. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्ग येथें रॉबर्ट बुन्सेन ह्यानें एक साधी युक्ति रूढ केली: वायु जळण्यापूर्वींच त्यांत हवा मिसळावयाची. तसें केल्यानें पिवळी, काजळी धरणारी ज्योत निळी आणि निर्धूर होते. आजच्या प्रत्येक गॅसच्या बर्नरांत हीच युक्ति वसत आहे.

सिलिंडरांतील वायु मात्र ह्या घराण्यांत दत्तक आला आहे. तो प्रोपेन व ब्यूटेन ह्यांचें मिश्रण असून खनिज तेल आणि नैसर्गिक वायु ह्यांपासून मिळतो. दाबाखालीं तो द्रवरूप होतो, म्हणून घरोघर नेतां येतो. बर्मा-शेल कंपनीनें तो १९५५ सालीं मुंबईंत विक्रीस आणला. १९६५ सालीं इंडेन आलें. आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें तो गरीब घरांच्या चुलीपर्यंत नेण्याचा उद्योग आरंभिला. इकडे ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांचा. विस्तवावर काठ्यांची माची उभारून तीवर मांस-मासळी भाजण्याच्या त्यांच्या रीतीची नोंद स्पॅनिश लेखकांनीं सोळाव्या शतकांत केली आहे. अमेरिकेंत १९६० च्या सुमारास वॉल्टर कोझिओल प्रभृतींनीं ह्या माचीखालीं गॅसचा बर्नर बसविला, आणि आपल्या लेखाची नायिका जन्मास आली. आमची आगटी व त्यांची माची ह्या अशा रीतीनें एकमेकींच्या मावसबहिणी ठरतात.

आतां चवीचा वाद. पुरता पेटलेला लांकडी कोळसा स्वतः फारसा गंध देतच नाहीं. तो निर्गंध व्हावा म्हणूनच तर लोणाऱ्यानें रानांत धूर खाल्ला! पदार्थाचा खमंगपणा येतो तो दोन गोष्टींनीं. तीव्र उष्णतेनें त्याचा वरचा थर करपण्याच्या अलीकडे तांबूस होतो. आणि तेलातुपाचे, मसाल्याचे थेंब खालच्या तप्त पृष्ठावर पडून जळतात व त्यांची सुगंधी वाफ वर येऊन पदार्थास लागते. चव निखाऱ्याची नसून थेंबाची आहे. बर्नरावर लोखंडी पन्हळी किंवा सच्छिद्र दगड ठेवलेले असतात ते ह्या थेंबांसाठींच. लांकडाच्या धुराचा गंध ही निराळी गोष्ट; तो हवाच असेल तर आंब्याच्या लांकडाच्या दोन ढलप्या लहानशा लोखंडी डबींत घालून ज्योतीवर ठेवाव्या.

हें कुळ एकदां ध्यानांत आलें, म्हणजे शेगडी निवडण्याचे व सांभाळण्याचे नियम पाठ करावे लागत नाहींत. प्रत्येक नियम हा कोणा तरी पूर्वजाचा अनुभव आहे. निवडतांना झाकणाचा झगमगाट पाहूं नये; जाळी व बर्नर पाहावे. जाड बिडाची जाळी उष्णता धरून ठेवते, म्हणून ती निखाऱ्याची जागा चांगली भरून काढते. बर्नर दोन तरी असावेत. एक पेटता व एक बंद ठेवला म्हणजे जाळाची बाजू आणि आराची बाजू अशा दोन्ही सोयी एकाच शेगडींत मिळतात. परदेशी बनावटीची शेगडी घेतांना ती कोणत्या वायूसाठीं व किती दाबासाठीं केली आहे हें अवश्य विचारावें. नळाच्या नैसर्गिक वायूचीं छिद्रें सिलिंडरास चालत नाहींत. दाबांत अंतर असल्यास ज्योत एक तर मलूल होते, नाहीं तर भडकते.

मांडणी उघड्यावरच करावी. शेगडीनें बंद खोलींत घेतलेल्या बळींची आठवण गॅसच्या बाबतींतहि विसरतां कामा नये. सिलिंडरांतील वायु हवेहून जड असतो. गळला तर तो वर न जातां जमिनीलगत पसरतो व खळग्यांत सांचतो. म्हणून तळघर किंवा खोलगट जागा वर्ज्य. सिलिंडर नेहमीं उभा आणि सावलींत असावा. चंद्रपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो, तेथें ही सूचना विशेष जपावी. जोडणी झाली कीं सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहावें. काडी ओढून परीक्षा करूं नये. पेटवतांना झाकण उघडें असावें, आणि ज्योत लगेच न धरल्यास वायु बंद करून पांच मिनिटें थांबावें. प्रथम उपयोगापूर्वीं शेगडी अर्धा तास मोठ्या आंचेवर रिकामीच तापवावी व जाळीस तेलाचा हात द्यावा.

निगा म्हणजे मुख्यत्वें बुन्सेनची हवा मोकळी ठेवणें. घुग्घुसास कोळशाची व सिमेंटाची धूळ हवेंत असते. तिनें बर्नराचीं छिद्रें बुजतात. कोळी आणि कुंभारमाशी ह्यांना तर हवेची नळी घरटें करण्यास फार आवडते. निळी ज्योत पिवळी होऊं लागली, कीं नळीचा श्वास कोंडला असें समजावें व तारेच्या कुंचल्यानें ती साफ करावी. चरबीचें ताट प्रत्येक वेळीं रितें करावें. त्यांत सांचलेलें तेल पेटणें हा ह्या शेगडीचा नेहमींचा अपघात आहे. रबरी नळी तिच्यावर छापलेल्या मुदतींत बदलावी. पावसाळ्यांत जाळी पुसून, तेल लावून कोरड्या जागीं ठेवावी, नाहीं तर आषाढाच्या आंत ती गंजून जाते.

इतकें केल्यावर घरांत ना धूर, ना राख. परंतु ह्या कुळवृत्तान्ताचा शेवट इतका सुखाचा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लोणाऱ्याचा धूर रानांत गेला, गृहिणीचा गल्लींत. आमचा कोठें गेला? आमच्या सिलिंडरांतील वायूचा निम्म्याहून अधिक भाग समुद्रापलीकडून येतो. आणि ज्या विजेनें आम्हीं घरें उजळतों, तिच्यासाठीं जळणारा कोळसा घुग्घुससारख्या गांवांच्या पोटांतून निघतो. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची गणना केली, तींत चंद्रपूरचें नांव वरच्या पंक्तींत होतें. ऑगस्ट २०२२ मध्यें घुग्घुसच्या आमराई वस्तींतील एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गेलें. त्याखालीं जुनी भूमिगत खाण होती. घरांतील माणसें वेळींच बाहेर पडलीं म्हणून वांचलीं. ज्या घराची चूलच धरणीनें गिळली, त्या घराला धूर दूर लोटण्याच्या ह्या दीर्घ उद्योगाची सर्व किंमत एका क्षणांत भरावी लागली.

ह्यावरून कोणीं भाजणें सोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, ज्या हवेंत आधींच इतकी काजळी आहे तींत केवळ चवीच्या समजुतीसाठीं आणखी कोळसा पेटविण्याचें कारण उरत नाहीं, हेंच ह्या इतिहासानें सिद्ध होतें. आणि गॅसची शेगडी ही नक्कल नसून आमच्याच शेगडीची पुढची पिढी आहे, हेंहि. मात्र तिची निळी ज्योत पाहून आम्हीं निर्धूर झालों असें कोणीं मानूं नये. ती ज्योत निर्मळ दिसते, कारण तिचा धूर दुसऱ्या गांवाच्या आकाशांत गेलेला असतो.